पिकअपचं डिफरन्शियल रेस दिली की रडतंय, टेल पिनियनचं नट आवळून भागेल का?

द्राक्षवाला_तासगाव
नमस्कार मंडळी. मागे पाटे असलेली डिझेल पिकअप आहे. 50 च्या पुढं रेस दिली की मागून बारीक रडल्यासारखा आवाज येतो, रेस सोडली की गप्प. वळणावर फरक पडत नाही. पावसाळ्यात गाडी पुलावरच्या पाण्यातून काढली होती, तेव्हापासून तेल बदललेलं नाही. मेकॅनिक म्हणतोय, टेल पिनियनचं नट थोडं आवळू. आवळू द्यावं का? द्राक्षाची भाडी सुरू व्हायच्या आत काम उरकायचंय.

मिरज_गॅरेज
अजिबात आवळू देऊ नका. पिनियन म्हणजे पुढून येणाऱ्या शाफ्टनं फिरणारा छोटा गिअर. बऱ्याच गाड्यांत त्याच्या दोन बेअरिंगांच्या मधे चेपणारा स्पेसर (नळीसारखी रिंग) असतो. नट आवळताना तो दबतो आणि बेअरिंगवर प्रीलोड, म्हणजे आधीच दिलेला ताण, बसतो. एकदा जास्त दबला की नट मागे फिरवूनही पूर्ववत होत नाही, नवाच घालावा लागतो. तोपर्यंत बेअरिंग तापून निळं पडतं.

वळणावर आवाज बदलत नाही, म्हणजे चाकाच्या बेअरिंगवर संशय कमी. रेस असो-नसो सारखी घरघर असती तर डिफरन्शियलची बेअरिंगं धरली असती. फक्त ओढताना रडतंय, तर पिनियन आणि तो फिरवतो त्या मोठ्या गिअरच्या, म्हणजे क्राऊनच्या, दातांकडं बघा.

आधी गाडी फिरवून तेल गरम असताना काढा. प्लगच्या मॅग्नेटवर राखाडी मऊ चिखल असेल तर काळजी नाही. बोटाला टोचणारे कण किंवा चपट्या कपच्या असतील तर खोलावंच लागेल. तेल दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. गरम हौसिंग पाण्यात गेलं की आतली हवा आकसते, आणि ब्रीदरमधून (हवा जाण्या-येण्याचं भोक) किंवा सीलच्या ओठातून पाणी आत ओढलं जातं. पाण्यानं बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे ठिपके पडतात, मग ते दातांचंही नुकसान करतात.

कऱ्हाड_डिझेल
बरोबर. खोलायचं ठरलं तर काढण्याआधीच मोजून ठेवा, इथंच बहुतेक जण घाई करतात.

पुढून निघणारं डिफरन्शियल असेल तर गाडी घोड्यांवर (स्टँडवर) ठेवून चाकं, ड्रम काढा. बॅकिंग प्लेटचे नट सोडून दोन्ही एक्सल साइड गिअरमधून सुटतील इतके बाहेर ओढा. जॉइंटच्या फ्लँजवर खूण करून शाफ्ट सोडा. मग हौसिंगचे नट काढा. खाली जॅक हवाच, एकट्यानं झेलायचं वजन नाही ते.

बेंचवर बांधून डायल गेजनं क्राऊनचा बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) चार ठिकाणी मोजा. छोट्या गाड्यांना साधारण 0.13 ते 0.20 मिमी असतो, पण शेवटचा आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा. चार जागांत 0.05 च्या वर फरक आला तर क्राऊन वाकडा फिरतोय किंवा खाली कचरा अडकलाय. बेअरिंगच्या कॅपवर डावी-उजवीची पंच खूण करा. त्या हौसिंगसोबतच बोअर केलेल्या असतात, अदलाबदल चालत नाही.

द्राक्षवाला_तासगाव
दातांवर कसं ओळखायचं? आणि फक्त पिनियन बदलला तर?

कऱ्हाड_डिझेल
फक्त पिनियन नको. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, जोडीच घ्या.

क्राऊनच्या सात-आठ दातांना प्रशियन ब्लू (ठसा उमटवणारा निळा रंग) पातळ लावा. क्राऊनला लाकडानं अडवून पिनियन दोन्ही बाजूंनी फिरवा. ठसा दाताच्या मुळाशी पडला तर पिनियन जास्त आत आहे, टोकाकडं पडला तर बाहेर. पिनियनच्या डोक्यामागं शिम (पातळ चकती) असेल तर जाड शिमनं पिनियन आत जातो. शिम पिनियनच्या वेगळ्या हाऊसिंगच्या फ्लँजखाली असेल तर हिशेब उलटा. खोली जुळली की मगच बॅकलॅश. ठसा आतल्या टोकाला असेल तर क्राऊन पिनियनपासून लांब न्या, बाहेरच्या टोकाला असेल तर जवळ. कॅपचे बोल्ट जरा ढिले करून एका बाजूची क्राऊन सरकवणारी खाचांची रिंग जितके खाचे सोडाल तितकेच दुसरीकडं आवळा, नाहीतर साइड बेअरिंगचा प्रीलोड जातो.

मिरज_गॅरेज
पिनियनचा प्रीलोड क्राऊन बसवण्याआधी बघा. नव्या बेअरिंगला साधारण 1.5 ते 3 न्यूटन-मीटर, जुन्याला त्याच्या निम्म्याच्या आसपास. टिकटिक वाजणाऱ्या टॉर्क पान्यानं हे कळत नाही. फ्लँजला दोरी गुंडाळून स्प्रिंगकाट्यानं सावकाश ओढा. दोरीची त्रिज्या 5 सेंमी आणि काट्यावर 4 किलो म्हणजे जवळपास 2 न्यूटन-मीटर. नट थोडं-थोडं आवळायचं आणि दरवेळी मोजायचं.

तेल जीएल-5 दर्जाचंच हवं. जाडी 80डब्ल्यू-90 की 85डब्ल्यू-140 ते मॅन्युअल सांगेल. या गिअरचे दात एकमेकांवर घसरत चालतात, जीएल-4 तिथं अपुरं पडतं. लेव्हल फिलरच्या भोकाच्या कडेपर्यंत. ब्रीदर साफ करा, शक्य असेल तर नळी लावून चॅसीपर्यंत उंच न्या. तो बुजला तर आतला दाब सीलमधून तेल ब्रेकच्या लायनरवर सोडतो.

नवी जोडी बसवली तर पहिल्या दिवशी रिकामी गाडी 25-30 किमी चालवून पूर्ण थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा करा. भरलेली गाडी लगेच खंबाटकी घाट चढवू नका. हजारेक किलोमीटरला तेल बदला आणि मॅग्नेट पुन्हा बघा.