पुणे सहल: विद्यापीठाला अर्धाच तास?

कोल्हे काका (बी-३०२): पत्रक वाचलं. तुळशीबाग ३ तास, विद्यापीठ अर्धा तास!! ४११ एकराचं आवार आहे. खाली उतरून सगळे गोळा होईस्तोवर निघायची वेळ व्हायची.

रूपाली भंगाळे: काका, कॉलेजात पाहायचं काय? 😀

कोल्हे काका: मुख्य इमारत, ताई. इंग्रज गव्हर्नराचा बंगला होता. १८६४ ला बांधायला घेतला, १८७१ ला पुरा झाला. २२ जून १८९७ ला राणीच्या राज्याच्या हीरक महोत्सवाची मेजवानी तिथेच झाली. परतताना गणेशखिंडीत चापेकरांनी रँडवर गोळी झाडली.

महाजन (सचिव): ॲडव्हान्स राहिलेल्यांनी आजच द्यावा. 🙏

सागर: जेवायचं काय भो? तिकडे आपल्यासारखी शेवभाजी भेटत नाही.

फिरके काकू: दशम्या नि ठेचा घेऊ. भरीत टिकायचं नाही.

वाणी सर (ए-१०४): विषय भरकटतोय. आपलं विद्यापीठ १९९० चं. त्याआधी जळगाव-धुळ्याची कॉलेजं पुण्याला जोडलेली. माझ्या आणि कोल्हेंच्या पदवीवर शिक्का पुण्याचा, पण दोघांनीही ते अजून पाहिलेलं नाही. निकाल तिकडून यायचा, आम्ही इकडे नोटीस बोर्डापुढे उभे.

रूपाली भंगाळे: मग मीटिंगला बोलायचं ना सर. तुम्ही दोघंही नव्हते.

कोल्हे काका: लिफ्ट बंद. हे गुडघे घेऊन तीन मजले उतरू?

महाजन (सचिव): लिफ्टचा विषय इथे नको. ॲडव्हान्स राहिलेल्यांनी आजच द्यावा. 🙏

तडवी भाऊ: लिफ्टचा विषय तुम्हाला कुठेच नको असतो साहेब.

सागर: तिथे भुयार पण आहे ना?

वाणी सर (ए-१०४): आहे, मुख्य इमारतीखाली. सोसायटीची पुढची मीटिंग तिथेच ठेवा.

फिरके काकू: इकडे विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव, तिकडे २०१४ पासून सावित्रीबाईंचं. आणि भांडतात माणसं. मला तरी नीट पाहायचंय. रूपाली, तुळशीबागेतला एक तास काढ.

रूपाली भंगाळे: काकू तुम्ही पण?? बरं, अर्धा तास. त्याच्यावर मिनिट नाही.

महाजन (सचिव): ठीक. विद्यापीठ १ तास, हे फायनल. ॲडव्हान्स राहिलेल्यांनी आजच द्यावा.

कोल्हे काका: राहिलंय तरी कोण? नाव टाका ना सरळ.

महाजन (सचिव): काका, तुम्हीच.

तडवी भाऊ: लिफ्ट चालू करा, देतील खाली येऊन 😂