अपुऱ्या दिवसांच्या प्रत्येक बाळाचा एमआरआय: हा हट्ट कशासाठी?

शिशुवैद्य: ‘३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या प्रत्येक बाळाचा घरी सोडण्याआधी एमआरआय झालाच पाहिजे, नुसती सोनोग्राफी म्हणजे हलगर्जीपणा,’ असं इथे ठासून लिहिलंय. साफ अमान्य! टाळूवरची सोनोग्राफी खाटेपाशीच होते. रक्तस्राव, फुगत चाललेली व्हेंट्रिकल्स (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या), सिस्ट, सगळं पुन्हा पुन्हा तपासता येतं. अमेरिकन बालरोग अकादमीनेही २०२० मध्ये सरसकट एमआरआय नको असंच सांगितलं. निकाल काहीही आला तरी उपचार तेच राहणार असतील, तर बाळाला हलवायचं कशाला?

रेडिओलॉजी: सेरेबेलममधले (लहान मेंदूतले) ठिपक्याएवढे रक्तस्राव टाळूतून दिसत नाहीत, कानामागून प्रोब लावला तरी निसटतात. सिस्ट न झालेली व्हाइट मॅटरची, म्हणजे मेंदूतल्या जोडणाऱ्या तंतूंची, इजाही तशीच. फिजिओथेरपी कुणाला आधी, हे त्यावरून ठरतं.

शिशुवैद्य: फिजिओथेरपी जोखमीच्या प्रत्येक बाळाला मिळायलाच हवी. रिपोर्ट नॉर्मल आला की पालक फॉलोअपला येणं सोडतात, त्याचं काय? सेरेबेलमचं मान्य. तेवढंच.

एमआर तंत्रज्ञ: करायचा की नाही ते ठरवा, पण आधी सरसकट झोपेचं औषध देणं बंद करा. धातूची बटणं असलेला झबला काढा, मग स्कॅनच्या अर्धा तास आधी पोटभर दूध. कानात मऊ मेणासारखी पुटी, त्यावर मफ, दुपट्यात घट्ट गुंडाळून व्हॅक्यूम पिशवीत. डिफ्यूजन (ताजी इजा दाखवणारा स्कॅन) पहिलं घ्या, बाळ मध्येच उठलं तरी मुख्य ते हाती असतं. आणि मोठ्यांचा प्रोटोकॉल लावू नका. नवजात मेंदूत पाणी जास्त असतं, टी-टू चित्रांचा टीई (सिग्नल टिपण्याआधीचा वेळ) वाढवला नाही तर सगळं सपाट दिसतं.

व्हेंटिलेटर ड्यूटी: हे गुदमरून जन्मलेल्या बाळाला लावून दाखवा! मेंदू वाचवायला ७२ तास ३३.५ अंशांवर थंड ठेवलेलं, पोटात दूध जवळजवळ नाही, श्वासाची नळी घातलेली. आणि त्याचा स्कॅन लांबवताही येत नाही. आठवडा उलटला की डिफ्यूजन खोटंच नॉर्मल दिसायला लागतं.

एमआर तंत्रज्ञ: त्याला मॉर्फिन चालूच असतं, वर आणखी मिडाझोलाम हे झोपेचं औषध कशाला? मी सरसकट म्हटलंय, नीट वाचा.

सिस्टर इनचार्ज: औषधावरून तंडताय, पंपाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. साधा सिरिंज पंप (शिरेतून हळूहळू औषध देणारं यंत्र) चुंबकाजवळ चालत नाही, म्हणून खोलीबाहेर ठेवून लांब एक्स्टेंशन जोडतात. ०.९ मिमी व्यासाच्या ३ मीटर नळीत जवळपास २ मिली मावतं. बीपी टिकवणारं डोपामिन ताशी ०.५ मिली असेल आणि नळी सलाइनने भरलेली असेल, तर औषध बाळापर्यंत पोचायला ४ तास! बीपी पडतं ते मशीनच्या आत, आणि दोष बाळाच्या नाजूकपणाला.

व्हेंटिलेटर ड्यूटी: मग नळी औषधानेच भरा.

सिस्टर इनचार्ज: भरून लगेच जोडली तरी दाब चढेपर्यंत प्रवाह मंद असतो. दुसरा पंप, तीच तीव्रता, लांब नळीसकट वॉर्डातच आधी चालू करा. टोकाला थेंब नियमित पडायला लागला की मगच बदला, बीपी स्थिर दिसल्याशिवाय निघू नका. परत आल्यावर नळी फ्लश करायची नाही, आतलं सगळं डोपामिन एकदम जातं. सॅच्युरेशनचा प्रोब फायबर-ऑप्टिकच हवा, साध्या तारेचं वेटोळं कातडीला टेकलं तर भाजतं.

व्हेंटिलेटर ड्यूटी: पंपाचं पटलं. मिडाझोलामचं अजून नाही.