जुना कॉम्प्युटर म्हणे आपल्या मालकीचा होता!

खाडीपलीकडचा: काल एकाने लांबलचक पोस्ट टाकली की पूर्वी कॉम्प्युटर माणसाचा होता, आता आपण सगळे कंपन्यांचे भाडेकरू. वाचून डोकं फिरलं म्हणून लिहितोय. ज्या १९७५ च्या अल्टेअरचे, हौशी लोकांनी घरी जुळवायच्या त्या कॉम्प्युटरचे, गोडवे गायलेत ना, त्याला ना कीबोर्ड ना स्क्रीन, मेमरी २५६ बाइट, पुढच्या पट्टीवरचे खटके खालीवर करून एकेक आकडा भरायचा. ज्याला सोल्डरिंग येत होतं त्याचा तो कॉम्प्युटर, बाकीच्यांना नुसता डबा. आणि वर्षभरातच, फेब्रुवारी १९७६ ला, बिल गेट्सने हौशी मंडळींना जाहीर पत्र लिहून सुनावलंच की आमचं बेसिक, म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा, फुकट का कॉपी करता म्हणून. मी दापोलीत १९९६ पासून डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम, करतोय. मराठी फॉन्टचं लॉक यायचं, काडेपेटीएवढं, प्रिंटरच्या पोर्टला मागे लावायचं. ते जरा सैल झालं की ऐन लग्नसराईत प्रोग्राम बंद, आणि नवऱ्यामुलाचा मामा समोर खुर्चीत. हेच का ते स्वातंत्र्य?

सुपारीबाग: पोस्ट माझीच. अर्धीच वाचलीत दादा. ॲपल टू ह्या जुन्या कॉम्प्युटरचं झाकण हाताने उचललं की आत आठ स्लॉट, हवं ते कार्ड खोचा. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या टेक्निकल मॅन्युअलात सर्किट तर होतंच, बायोसचं, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं, अख्खं लिस्टिंग छापलेलं होतं. आज कितीतरी लॅपटॉपची रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पाहिजे, म्हणजे धडधाकट मशीन भंगारात. मालक कोण मग?

वाशिष्ठीकाठ: मालकीचं कौतुक मला नका सांगू. २२ जुलै २०२१, चिपळूण. दुकानात छातीच्या वर पाणी. हार्डडिस्क कपाटात, बॅकअपची हार्डडिस्क पण त्याच कपाटात, कारण डेटा आपल्या ताब्यात हवा ना! दोन्हीतून चिखल निघाला. वाचले ते फक्त मुलीने मोबाईलवरून क्लाउडवर चढवलेले फोटो, तेही मला न विचारता.

सुपारीबाग: वाईट झालं, पण मग आमचं ऐका. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. वीस दिवस लाईट नाही, नेट नाही, आणि बागेचा सगळा हिशोब एका ऑनलाइन ॲपात. गडी पैसे मागायला दारात उभे. शेवटी बाबांची वही काढली, कौलं उडून भिजली होती तरी वाचता येत होती.

खाडीपलीकडचा: वही म्हणजे कॉम्प्युटर नव्हे.

देवगडी_हापूस: आमच्याकडे लाईट असता खय म्हणान तुम्ही कॉम्प्युटरावरून भांडतास? 😄

बंड्या_लिनक्स: स्टॉलमन नावाच्या प्रोग्रामरने १९८३ ला जीएनू, म्हणजे कोणालाही वापरता-बदलता येईल अशी मोकळी सिस्टिम, जाहीर केली ती ह्याच भांडणासाठी. १९९१ पासून लिनक्स आहे, विंडोजच्या जागी चालणारं, जुन्या पीसीवर टाका आणि विषय संपवा.

खाडीपलीकडचा: माझं पानं लावायचं पेजमेकर चालवून दाखव त्यावर, मग विषय संपव.

बंड्या_लिनक्स: पेजमेकर?? शेवटची आवृत्ती २००१ ची, युनिकोड, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांचे ठरलेले कोड, कशाशी खातात ते त्याला माहीत नाही. विंडोज २००० पासून देवनागरी नीट दिसतेय आणि तुम्ही प्रेसवाले अजून इंग्रजी अक्षरांवर मराठीचा मुखवटा चढवून बसलात. मराठीची वाट तुम्ही लावलीत.

आजोळ_गुहागर: ह्यावर मला बोलायचंय!! आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत १९९७ ला असाच टाईप झाला, चारशे पानं, काकांनी गावोगाव फिरून नावं गोळा केलेली. आता नवी आवृत्ती काढायला फाईल उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. प्रेसवाला वारला, लॉक कुठेय कोणाला ठाऊक नाही.

बंड्या_लिनक्स: जुन्या फॉन्टातलं युनिकोडात करणारे कन्व्हर्टर असतात.

आजोळ_गुहागर: वापरला. पहिली वेलांटी मागच्या अक्षरावर जाऊन बसते, रफार पुढच्या अक्षरावर जातो. अर्ध्या पणज्यांची नावं बदलली. चारशे पानं हाताने तपासायची का?

बंड्या_लिनक्स: कारण जुन्या फॉन्टात वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडात नंतर. रफाराचं बरोबर उलटं. कन्व्हर्टर लिहिणाऱ्याला हे कळलं नसेल तर दोष युनिकोडचा नाही.

खाडीपलीकडचा: बघा! पोराला सगळं कळतं. अरे १९९७ ला दापोलीत युनिकोड कोण आणून देणार होतं, तुझा स्टॉलमन? तेव्हा पत्रिका छापायच्या नव्हत्या का? आणि ह्या शहाण्याने जन्मात एक रफार कंपोज केलेला नसेल.

बंड्या_लिनक्स: तेव्हाचं सोडलं काका. आता तरी?

सुपारीबाग: आणि त्या ताईंचा कुलवृत्तांत कोणाच्या ताब्यात आहे हो दादा? हरवलेल्या लॉकच्या! मी हेच तर लिहिलं होतं.

खाडीपलीकडचा: तू लिहिलंस की *पूर्वी* बरं होतं. हे पूर्वीचंच आहे ना रे?

सुपारीबाग: बरं. *पूर्वी* हा शब्द मागे घेतो. खूश? नारळ फोडा आता.

खाडीपलीकडचा: ताई, फाईलचं एक पान पाठवा, बघून फॉन्ट ओळखतो. माझ्या ड्रॉवरात तीन लॉक पडलेत आणि विंडोज ९८ चं मशीन अजून चालतं. बसेल त्यातलं एखादं. मंगळवारी नको, लाईट नसते.

बंड्या_लिनक्स: पानाची एक कॉपी मलापण द्या. वेलांटीचं बघतो. पेजमेकर न वापरता.