स्कार्फ बांधून मानवंदनेला उभे राहिला आहात का कधी?

गेल्या ३० जानेवारीला अकराच्या ठोक्याला ठाण्यात कोर्ट नाक्याजवळ रिक्षात होतो. भोंगा वाजला. रिक्षावाला म्हणाला, "आग लागली का काय कुठे?" आणि माझे दोन्ही हात बसल्या जागी पँटच्या शिवणीला चिकटले. पंचेचाळिशीचा माणूस, रिक्षात बसून सावधान! त्या दिवशी अकराला दोन मिनिटं हुतात्म्यांसाठी स्तब्ध राहायचं, हे शाळेच्या स्काऊट पथकात अंगात मुरलं ते गेलंच नाही.

म्हणून हा धागा. स्काऊट किंवा गाइड म्हणून गणवेशात एखाद्या स्मारकापाशी उभे राहिला असाल तर वर आपलं ठिकाण टाकून खाली लिहा. एनसीसी आणि आरएसपी म्हणजे वाहतूक सुरक्षा पथकवाल्यांनी रुसू नये, तुमचा धागा वेगळा काढू. भाषणं कोणाची झाली ते नको. तुम्ही कुठे उभे होता आणि हातात काय होतं, ते सांगा.

माझ्यापासून सुरुवात. आमच्या सरांनी आठ जणांना १९ एप्रिलला ठाण्याच्या तुरुंगापाशी नेलं होतं. परीक्षा संपलेली, सकाळी आठलाच घामाच्या धारा. नाशिकच्या विजयानंद थिएटरात २१ डिसेंबर १९०९ ला कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या गेल्या. त्या खटल्यात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला याच तुरुंगात फाशी दिलं. त्या भिंतीला वळसा घालून आम्ही रोज शाळेत जायचो, आणि आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं.

सर म्हणाले, "कान्हेरे तेव्हा जेमतेम अठराचे." मग माझ्या शेजारच्याला विचारलं, "तुझा दादा केवढा?" "एकोणीस." "काय करतो?" "बारावीला परत बसलाय." आम्ही फिदीफिदी हसलो, सरांनाही हसू आवरेना. पुढे उदबत्ती लावायची तर काडेपेटी कोणाकडेच नाही. ब्रीदवाक्य आमचं 'तयार रहा'! शेवटी दारावरच्या शिपायाने दिली.

उलवे

मी गाइड होते, आठवीत. १६ जानेवारीला जासईला हुतात्म्यांना अभिवादन असतं. १९८४ साली नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं. १६ तारखेला दास्तान फाट्याला आणि १७ ला पागोट्याकडे पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क आमच्या लोकांना त्यातून मिळाला. घरात हे सगळं ऐकतच मोठी झाले. आजा त्या गर्दीत होता.

त्या वर्षी फुलांचं ताट धरायला बाईंनी मला निवडलं. पहाटे उठून पट्टा पॉलिश केला, टोपी पिनेने बसवली, स्कार्फची घडी तीनदा घातली. खोलीतून बाहेर आले तर आजी ओट्यावर तांदूळ निवडत होती. मला बघून तिचा हात थांबला. "यो कंचा डरेस?" म्हणाली. पट्टा, टोपी, शिट्टीची दोरी, सगळ्यावरून तिची नजर फिरली. मी म्हटलं, शाळेचा आहे, तिकडे हुतात्म्यांना फुलं द्यायला जाते. ती काही बोलली नाही, सुपाकडे वळली.

तेव्हा मला वाईट वाटलं, कौतुक केलं नाही म्हणून. कॉलेजात गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला. पट्टा आणि टोपी घातलेली माणसं तिने आधी कधी आणि कशी पाहिली होती! तिच्या लेखी गणवेश म्हणजे तेच. बाईंना हे कधी सांगितलं नाही. पुढच्या वर्षी टोपी पिशवीत घालून नेली, तिथे पोचल्यावर घातली.

कळवा, स्काऊट मास्तर

वरचं वाचून बराच वेळ काही लिहवेना. तरी माझी तक्रार मांडतोच, कारण ती दर वर्षीची आहे. मुलांना साडेआठला उभं करतात आणि पाहुणे पावणेदहाला येतात. एका वर्षी पुष्पचक्र धरलेला सातवीतला मुलगा उभ्याउभ्या खाली बसला, मग आडवाच झाला. चक्र मात्र सोडलं नाही, पोटावर घट्ट धरलेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या! मला त्या टाळ्यांचा जो राग आला, तो अजून आहे.

तेव्हापासून माझे नियम: उपाशी कोणी यायचं नाही, गूळ-शेंगदाणे खिशात. सावधानमध्ये गुडघे गच्च ताणायचे नाहीत. ताणले की पायातलं रक्त वर यायला अडतं आणि भोवळ येते. बुटातल्या बुटात अंगठे हलवत राहायचं, बाहेरून दिसत नाही. आणि पाहुणे गाडीतून उतरेपर्यंत रांग सावलीत. आयोजक कुरकुर करतात, करू देत.

एक चूक माझीही. २०१५ च्या जुलैत अब्दुल कलाम गेले, तेव्हा मैदानावर पथकाचा झेंडा मुलांनी थेट अर्ध्यावर नेऊन बांधला, मी शिकवल्याप्रमाणेच. कार्यक्रम संपल्यावर एक निवृत्त हवालदार जवळ आले. हळूच म्हणाले, "मास्तर, आधी पार टोकापर्यंत न्यायचा, मग अर्ध्यावर आणायचा. उतरवतानाही आधी वर, मग खाली." मुलांदेखत बोलले नाहीत, हे त्यांचे उपकार.

वाशी

आमच्या वेळी रस्त्यावरचे लोक विचारायचे, "बँड कुठला रे तुमचा?" बाकी काही आठवत नाही. चहा-बिस्किटं चांगली असायची.

घोडबंदर रोड

मी स्वतः स्काऊट नव्हतो. मुलगी इंग्लंडमध्ये असते, नातू तिकडे कब, म्हणजे छोटा स्काऊट आहे. नोव्हेंबरातला दुसरा रविवार युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाचा. कागदाचं लाल पॉपीचं फूल छातीवर लावून गावातले सगळे कब-स्काऊट स्मारकापर्यंत चालत जातात. अकराला दोन मिनिटं शांतता, बिगुलावर लास्ट पोस्ट ही निरोपाची लष्करी धून वाजताना झेंडे जमिनीकडे झुकवतात. थंडीने माझे दात वाजत होते, नातवाचे गुडघे उघडे.

घरी येताना त्याने विचारलं, "आजोबा, आपले पण होते का?" पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानचे सुमारे ७४ हजार सैनिक गेले, हे मी सांगितलं. पण मला आठवलं ते साताऱ्याजवळचं अपशिंगे. त्या एका गावचे ४६ जण त्या युद्धात गेले, त्यांचं स्मारक गावात आहे. आमचं मूळ गाव तिथून लांब नाही. नातवाला मे महिन्यात घेऊन जायचं ठरवलंय. येताना त्याला स्कार्फ आण म्हणावं का? जावई म्हणतात उन्हात कशाला.

ऐरोली

मी सध्या नववीत आहे, गाइड. आईच्या फोनवरून लिहिते. २६ नोव्हेंबरला सकाळी शाळेत संविधान दिन असतो, उद्देशिका मोठ्याने वाचतो. संध्याकाळी आमच्या सेक्टरच्या चौकात २६/११ च्या शहिदांना श्रद्धांजली. करकरे, कामटे, साळसकर, ओंबळे यांचे फोटो ओळीने लावतात. तुकाराम ओंबळेंच्या फोटोसमोरची मेणबत्ती मला धरायची होती. त्यांच्याकडे फक्त लाठी होती आणि कसाबला त्यांनी बंदुकीच्या नळीला धरून अडवला, म्हणून मी तीच जागा मागून घेतली.

वारा होता. मेण बोटांवर यायला लागलं, मग मनगटावर. हलायचं नाही म्हणून हलले नाही. वॉगलवर, म्हणजे स्कार्फ अडकवायच्या कडीवर पडलं आणि स्कार्फवर मोठा ओघळ आला. हाताचं काही नाही, पण स्कार्फ पथकाचा आहे, परत द्यायचाय. मेण कशाने निघतं?

कळवा, स्काऊट मास्तर

आधी बोटांना काही लावलंस का ते सांग. आणि पुढच्या वेळी पुठ्ठ्याला भोक पाडून मेणबत्ती त्यातून घाल. हे तुझ्या बाईंनी बघायला हवं होतं.

ठाणे, धागाकर्ता

खाली-वर कोरा कागद ठेवून कोमट इस्त्री फिरव, मेण कागदात उतरतं. कागद बदलत राहा. छापील वर्तमानपत्र घेऊ नकोस, शाई लागते. मी लावून घेतली आहे.