मदत हवी आहे: १८६३च्या पुण्यातली विधवा आई

कादंबरी लिहितेय. साल १८६३, जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेव्हाचं. नायिका तरुण ब्राह्मण विधवा, दिवस गेलेले. सुईणीचा काढा लागू पडत नाही. १८६०च्या दंडसंहितेने गर्भपात गुन्हा ठरवलेला, म्हणून सुईण पुन्हा दार उघडत नाही. शेवटी त्या गृहात बाळंत होते, मूल तिथेच ठेवून निघते.

अडलंय इथे: छाती ठणकतेय, पान्ह्याने लुगडं भिजतंय, तरी तिला सुटल्यासारखंच वाटतंय. तिला रडवायचं नाहीये मला. (निर्दय वाटली तर वाटू दे.) पण तिच्या तोंडी आजची भाषाही नको.

त्या काळच्या बायकांच्या ओव्या, पत्रं, कोर्टातल्या जबान्या कुठे वाचायला मिळतील? आणि पान्हा आटवायला तेव्हा काय करत, कुणी आजी-पणजीकडून ऐकलंय का?