‘द कॅसल’ पाहताना आपण नेमके कोणाला हसतो?

आरामखुर्ची:
नमस्कार. ऑस्ट्रेलियातील जुन्या विनोदी मालिका आणि चित्रपट पाहण्याचा मला जुना नाद आहे आणि त्यांत १९९७ च्या ‘द कॅसल’ला मी सर्वांत वरचे स्थान देतो. मेलबर्नच्या कूलारू उपनगरात, विमानतळाच्या कुंपणाला लागून आणि उच्चदाबाच्या विजेच्या तारांखाली, डॅरिल केरिगन हा टो-ट्रकचालक सहकुटुंब राहतो. इतरांनी फुकटही घेतले नसते अशा त्या घराचा त्याला कमालीचा अभिमान आहे, आणि विमानतळाच्या विस्तारासाठी ते सक्तीने संपादित करण्याची नोटीस आल्यावर तो थेट हायकोर्टापर्यंत, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, जातो. माझ्या एका परिचितांच्या मते हा चित्रपट म्हणजे शिकलेल्या मंडळींनी कष्टकरी कुटुंबाची उडवलेली टर आहे. जाणकारांना काय वाटते? तसेच, याच जातकुळीचे आणखी काय पाहावे?

दक्षिणगोल:
आपल्या परिचितांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. दिग्दर्शक रॉब सिच वैद्यकीय पदवीधर, सांतो चिलाउरो आणि टॉम ग्लाइसनर कायदा शिकलेले. जेन केनेडी धरून या चौघांनी ही पटकथा लिहिली आणि चित्रीकरण अवघ्या ११ दिवसांत उरकले. तरीही मला तो टवाळीचा चित्रपट वाटत नाही, कारण गोष्ट सांगतो तो धाकटा मुलगा डेल, आणि त्याच्या लेखी वडिलांइतका थोर माणूस जगात दुसरा नाही. डॅरिलची अभिरुची हास्यास्पद आहे, हे खरेच. मुलांनी दिलेली कोणतीही क्षुल्लक भेटवस्तू तो बिलियर्ड्सच्या खोलीत मानाने मांडायला सांगतो, आणि बायकोने रांधलेले साधे जेवण पाहून दर रात्री नव्याने थक्क होतो. पण माणसे ओळखण्यात तो कधी चुकत नाही, आणि थोरला मुलगा तुरुंगात असला तरी त्याच्याविषयी या घरात लाज नाही.

हीच मंडळी एखाद्याची खरोखर सालटी काढू लागली की काय होते, ते पाहायचे असेल तर एबीसी या ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक वाहिनीवरील ‘फ्रंटलाइन’ (१९९४–९७) ही मालिका पाहावी. वृत्तवाहिनीच्या सायंकालीन कार्यक्रमाचा पोकळ, आत्मसंतुष्ट सूत्रधार माइक मूर स्वतः सिच यांनीच साकारला आहे. बातमी कशी शिजवली जाते, याचे चित्रण तिथे इतके नेमके आहे की न्यू साउथ वेल्समध्ये ती मालिका बारावीच्या इंग्रजीला अभ्यासासाठी नेमली गेली होती. त्या मालिकेत माया औषधालाही सापडत नाही. दोन्ही कृती लागोपाठ पाहिल्या की आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर ध्यानात येईल.

कायदेपंडित:
वकिलाच्या नजरेने दोन शब्द. डेनिस डेनुटो हा डॅरिलचा वकील फेडरल कोर्टात राज्यघटनेचे एकही कलम दाखवू शकत नाही आणि घटनेचा एकूण ‘माहोल’ आपल्या बाजूचा आहे, एवढेच सांगत राहतो. आपण पोट धरून हसतो, पण पुढे निवृत्त ज्येष्ठ वकील हॅमिल (चार्ल्स ‘बड’ टिंगवेल यांनी काय रुबाबात केला आहे!) जो मुद्दा मांडतात, तो खऱ्या कलमावर उभा आहे. ऑस्ट्रेलियाच्या घटनेतील कलम ५१ च्या ३१व्या पोटकलमानुसार मालमत्ता संपादित करायची तर ती न्याय्य अटींवरच करावी लागते. मात्र हे बंधन केंद्र सरकारवर आहे, राज्यांवर नाही. उद्या एखाद्या राज्य सरकारने रस्त्यासाठी केरिगनचे घर घेतले, तर हे दार त्याला बंद असेल.

मला खटकते ते वेगळेच. घर जाण्याची वेळ आल्यावर डॅरिल म्हणतो की आदिवासींना काय वाटत असेल ते आता मला समजू लागले आहे, आणि डेनुटोही युक्तिवादात माबो खटल्याचे, म्हणजे ऑस्ट्रेलियातील आदिवासींचा जमिनीवरील परंपरागत हक्क मान्य करणाऱ्या खटल्याचे, नाव घेतो. तो खटला १९८२ पासून दहा वर्षे चालला, आणि जून १९९२ मध्ये निकाल लागला तेव्हा तो लढणारे एडी माबो हयात नव्हते. त्याच वर्षी जानेवारीत त्यांचे निधन झाले होते. केरिगनला मात्र एक सहृदय वकील फुकट भेटतो आणि सारे मार्गी लागते. ही तुलना मला फार स्वस्तात केलेली वाटते.

मावशीबाई:
पुढे काय पाहावे, याविषयी सुचवते. ‘मदर अँड सन’ (१९८४–९४) चुकवू नका. लेखक जेफ्री अ‍ॅथरडेन, भाग ४२. घटस्फोटित पत्रकार आर्थर स्मरणशक्ती ढासळत चाललेल्या आईची देखभाल करतो, आणि आईचे कौतुक मात्र सारे दंतवैद्य असलेल्या दुसऱ्या मुलाच्या, रॉबर्टच्या, वाट्याला जाते. (हे वाचून आपल्याकडचीही काही घरे डोळ्यांसमोर येतील.) रूथ क्रॅकनेल मालिका सुरू झाली तेव्हा साठीच्याही अलीकडे होत्या, पण म्हातारी अशी वठवली आहे की ही आई, मॅगी, खरोखर विसरली की सोयीस्करपणे विसरली, हे आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही, सगळा विनोद त्या शंकेवर उभा आहे. आर्थर झालेले गॅरी मॅकडॉनल्ड म्हणजे सत्तरच्या दशकात नॉर्मन गन्स्टन या वेंधळ्या मुलाखतकाराच्या रूपात गाजलेले तेच नट.

दुसरी ‘कॅथ अँड किम’ (२००२). जेन टर्नर आणि जीना राइली जवळपास एका वयाच्या असूनही मायलेकी झाल्या आहेत, आणि त्याच दोघी प्रू आणि ट्रूड या नाक मुरडणाऱ्या दुकानदारणीही रंगवतात. त्यामुळे उपनगरी भपक्याची थट्टा होते, तशीच त्याला हसणाऱ्या श्रीमंतांचीही. अमेरिकेत २००८ मध्ये तिची नक्कल निघाली आणि एका हंगामातच आटोपली. नट्या फारच देखण्या होत्या, हे त्याचे मला वाटणारे कारण.

दक्षिणगोल:
कायदेपंडित, माबोविषयीचा आपला आक्षेप मला पटत नाही. ते वाक्य डॅरिलच्या तोंडी आहे आणि तो कोणताही सिद्धांत मांडत नाही. स्वतःच्या अंगणात संकट आल्याशिवाय त्याच्यासारख्या माणसाला दुसऱ्याची जमीन आठवतही नाही, हे चित्रपटाला नीट ठाऊक आहे आणि तिथला विनोद काहीसा त्याच्यावरच उलटतो. तुलना तोकडी आहे, हे मान्य. पण तो तोकडेपणा डॅरिलचा आहे, लेखकांचा नव्हे.