साखरपुड्याची अंगठी आणि कोल्हापुरी साज, दीड लाखात कसं बसवायचं?

कळंबा_रोड

धाकट्या भावाचा साखरपुडा ठरलाय. होणाऱ्या वहिनीला अंगठी आणि जमलं तर साज (गळ्यातला पानांचा दागिना), दोन्ही मिळून दीड लाख रुपये. शिवाय घरातलं जुनं सोनं आहे: ८ ग्रॅम, तुटकी साखळी आणि कानातले वेल, हॉलमार्क नाही. अंगठी हिऱ्याची की नुसती सोन्याची, यावर घरात दोन तट पडलेत. गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, चार पेढ्यांवर विचारलं. दर सगळीकडे जवळपास तोच, पण शेवटच्या आकड्यात तीन-चार हजारांचा फरक. हा फरक नेमका कुठून येतो? आणि मोड, म्हणजे ते जुनं सोनं, त्याच दुकानात द्यावी का?

भेंडे_गल्ली

फरक मजुरीत आहे, दरात नाही. हिशोब सोपा जावा म्हणून २२ कॅरेटचा दर १०,००० रुपये ग्रॅम धरतो, तुम्ही त्या दिवशीचा घाला. ५ ग्रॅमची अंगठी म्हणजे सोनं ५०,०००. मजुरी १२ टक्के म्हणजे ६,०००. बेरीज ५६,०००, त्यावर ३ टक्के जीएसटी १,६८०. एकूण ५७,६८०. तीच अंगठी १८ टक्के मजुरीने ६०,७७० ला जाते. म्हणजे ३,०९० रुपये जास्त, आणि मोडताना त्यातला एक रुपयाही परत येत नाही. हॉलमार्कचा खर्च नगामागे ४५ रुपये आणि त्यावरचा कर, एवढाच. त्या नावाखाली कुणी पाचशे लावत असेल तर तिथंच थांबवा.

मजुरी टक्क्यात सांगितली तर ग्रॅमला किती रुपये पडते ते विचारा. सोनं चढलं की टक्केवारीची मजुरी आपोआप चढते, कारागिराचं काम मात्र तेवढंच असतं. 'घट' (घडवताना वाया जाणारं सोनं) वेगळी लावली असेल तर तीही मजुरीतच धरून तुलना करा. काही ठिकाणी मजुरी ८ टक्के सांगतात आणि घट ६ टक्के लावतात, झाले १४.

बिलावर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन असे दोन आकडे वेगळे हवेत. खडे, मोती, लाख यांचं वजन सोन्याच्या दरानं जाता कामा नये.

दागिन्यावर तीन खुणा बघा: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरो) त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (२२ के ९१६ किंवा १८ के ७५०) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा स्वतःचा नंबर. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय विक्री चालत नाही. बीआयएस केअर ॲपवर नंबर टाकला की सराफाची नोंदणी, तपासणी केंद्र, शुद्धता आणि नगाचा प्रकार दिसतो. हातात अंगठी आणि ॲपवर कानातलं दिसलं तर नग तिथंच परत ठेवा. २ ग्रॅमच्या आतल्या नगाला ही सक्ती नाही, त्यामुळे दीड ग्रॅमच्या अंगठीवर छाप नसला म्हणजे फसवणूकच असं नाही. पण मग शुद्धतेचा पुरावाही नाही.

बिल न घेता ३ टक्के वाचवण्याचा नाद करू नका. हॉलमार्कच्या नगात शुद्धता कमी निघाली तर जेवढी तूट, त्याच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळतो. कच्च्या पावतीवर काय मागणार?

टंच_काटा

मोडीचं सांगतो. जुन्या साखळीत डाग भरपूर असतात, म्हणजे जोडकामाचं हलकं सोनं. त्यात मळ आणि मेण. म्हणून ८ ग्रॅमचे ८ ग्रॅम कुणीच धरणार नाही, हे आधी मनाला सांगा.

नुसतं मशीनवर ठेवून टंच (शुद्धतेचा टक्का) सांगितला तर पटकन हो म्हणू नका. ते किरणांचं मशीन फक्त वरचा थर वाचतं. डागावर धरलं तर कमी दाखवतं, मुलाम्यावर धरलं तर जास्त. समोर आटवून, म्हणजे वितळवून घ्या. आटवण्याआधी वजन, आटवल्यावर गुळीचं (वितळून झालेल्या गोळ्याचं) वजन, मग गुळीचा टंच, या क्रमानं. समजा आटणीनंतरही बरोबर ८ ग्रॅम राहिलं आणि टंच ८४ आला. शुद्ध सोनं ८ × ०.८४ = ६.७२ ग्रॅम. त्याला ०.९१६ ने भागा: २२ कॅरेटचं ७.३४ ग्रॅम. याच्यापुढं 'आमची पद्धत' म्हणून आणखी कपात सांगितली तर ती शुद्ध नफ्याची कपात. मशीनच्या टंचाबद्दल शंका असेल तर मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात ग्राहकाला स्वतः तपासणी करता येते, चार नगांपर्यंत २०० रुपये अधिक कर.

त्याच दुकानात द्यायची तर मोडीचा दर आणि नव्याचा दर एकाच दिवसाचा, एकाच कागदावर. आणि जीएसटी नव्या दागिन्याच्या पूर्ण किमतीवर लागतो, फरकावर नाही. तेवढं बजेटमध्ये धरा.

लूप_आणि_चिमटा

हिरा नकोच म्हणणाऱ्यांचं अर्धं बरोबर आहे. गुंतवणूक म्हणून नको. पण साखरपुड्याची अंगठी कुणी गुंतवणूक म्हणून घालत नाही.

हिऱ्याची घेतलीत तर सोनं १८ कॅरेटचं घ्या. २२ कॅरेट मऊ, पकडी वाकतात आणि खडा निसटतो. दर मात्र १८ चाच लागला का ते बघा: २२ चा दर १०,००० असेल तर १८ चा सुमारे ८,१९० येतो. २२ चा दर लावलेलं बिल दिसलं तर मुकाट्यानं भरू नका.

खड्यात पैसे कापणीवर घाला, शुद्धतेच्या वरच्या श्रेणींवर नाही. पिवळ्या सोन्यात आय-जे रंगाचा (किंचित पिवळसर श्रेणी) हिरा पांढराच दिसतो आणि व्हीएस२-एसआय१ या शुद्धतेच्या मधल्या श्रेणींमधले दोष बहुतेक वेळा नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. ३० सेंटचा (सेंट म्हणजे कॅरेट वजनाचा शंभरावा भाग) गोल हिरा साधारण ४.३ मिलिमीटर, ५० सेंटचा ५.१. '३० सेंट' लिहिलंय म्हणून खूश होऊ नका, एकच खडा की सात मिळून, ते विचारा. सात बारीक खडे त्याच वजनाच्या एका खड्यापेक्षा बरेच स्वस्त असतात. लांबून झगमगाट तेवढाच दिसतो, त्यामुळे बजेटला ती वाट वाईट नाही. फक्त किंमत एका खड्याची देऊ नका.

प्रयोगशाळेतला हिरा हा खराच हिरा. नेहमीच्या हिरा-टेस्टरवर तो नैसर्गिकापेक्षा वेगळा ओळखू येत नाही, म्हणून आयजीआय किंवा जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र हवंच. हिऱ्याच्या कमरेवर (मधल्या कडेवर) लेझरनं नंबर कोरलेला असेल तर दहा पट भिंगातून वाचा आणि संस्थेच्या साइटवर ताडून बघा. नैसर्गिकाच्या मानानं खूप स्वस्त, पण परत विकायला गेलात तर जवळजवळ काही नाही. बायबॅकची (दुकानानं परत घेण्याची) टक्केवारी तोंडी नको, बिलावर.

घेताना अंगठी कानाजवळ धरून हलवा. टकटक आली तर खडा सैल आहे. मग बनियनच्या कापडावरून फिरवा, धागा अडकला तर पकड नीट बसलेली नाही. पांढऱ्या सोन्यावरचा रोडियमचा मुलामा झिजतो, तो पुन्हा मारावा लागतो.

पंचगंगा_काठ

सगळे अंगठीतच अडकले, साजाचं कोण बोलणार? परंपरेनं साजात २१ पानं: १० दशावतारांची, ८ अष्टमंगलांची, माणिक आणि पाचूचं एकेक आणि एक डोरलं. आता १०-१२ पानांचे साजही सर्रास मिळतात.

पानं ठशावर दाबलेल्या पातळ पत्र्याची, आत लाख. लाख भरण्याआधीचं वजन कारागिराकडं असतं, तेच बिलावर निव्वळ म्हणून हवं. पत्रा फारच पातळ असेल तर बोटानं हलकं दाबलं तरी जाणवतं. असा साज दोन लग्नांत चेपतो. चेपलेलं पान सरळ करायचं किंवा तुटलेली कडी झाळायची (डाग देऊन जोडायची) तर आधी लाख काढावी लागते, नाहीतर ती जळते. म्हणून 'नुसता छोटा डाग द्या' म्हटलं तरी खर्च वाढतो.

माझं मत: अंगठी झाल्यावर उरलेल्या पैशात कमी पानांचा, कागदासारखा पातळ सोन्याचा साज करू नका. साज चांदीचा, सोन्याच्या मुलाम्याचा घ्या, पानं पूर्ण २१. हुपरी जवळच आहे, चांदीची घडण तिथं उत्तम. मुलामा उडाला की पुन्हा चढवता येतो. अत्तर आणि घाम पुसून कापडात गुंडाळून ठेवायचा. सोनंच हवं असेल तर मोडीच्या ७ ग्रॅममध्ये एखादी हलकी ठुशी बघा, पण तिथंही लाख वजा करूनच.

कळंबा_रोड

लई उपयोग झाला. साज चांदीचा हे आईला पटवतो. एक राहिलं: वहिनीला न सांगता बोटाचं माप कसं घ्यायचं?

भेंडे_गल्ली

त्याच बोटातली तिची एखादी अंगठी घरच्या कुणाकडून मागवा आणि आतला व्यास मोजा. १६.५ मिलिमीटर आला तर परीघ ५१.८, त्यातून ४० वजा केले की आपल्याकडचं माप, म्हणजे साधारण १२. दोऱ्यानं मोजू नका, दोरा ताणतो. पट्टी ५ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल तर अर्धं माप जास्त धरा.

तरी चुकलंच तर साधी अंगठी एक-दोन मापं लहान-मोठी होते. पूर्ण कड्यावर खडे असलेली होत नाही, म्हणून अंदाजानं घेताना ती घेऊच नका. आणि माप बदलायला देताना एचयूआयडीचा छाप आतल्या बाजूला कुठं आहे ते कारागिराला दाखवून द्या. सांगितलं नाही तर तो सोयीच्या जागी करवत लावतो आणि नंबर अर्धा जातो.